टाकीवरचे नाव : लोहाराची जाहिरात अफवेचे नाव कशी झाली?

१/
मराठीत अफवेसाठी शब्दांचा तुटवडा नाही. आवई उठते, वावड्या उडतात, कंडी पिकते, पुडी सोडली जाते. बातमीचा उगम सांगायचा असेल, तर ती पारावरची, चावडीवरची किंवा बाजारातली ठरते. ऑस्ट्रेलियातील लोकांनी मात्र अफवेला चक्क एका लोहाराचे आडनाव दिले, आणि तेही त्याच्या जाहिरातीवरून उचलून. 'फर्फी' हा तो शब्द. शंभराहून अधिक वर्षे तो तेथील बोलीत आहे. हा थ्रेड त्या शब्दाविषयी, आणि न तपासलेल्या बातमीला सामान्य माणूस कसे तोलतो याविषयी.

२/
जॉन फर्फी याचा जन्म १८४२ साली मेलबर्नजवळ झाला. आईवडील आदल्याच वर्षी आयर्लंडहून आले होते. जॉनने कायनटन येथे लोहारकामाची आणि यंत्रकामाची उमेदवारी केली, १८६४ मध्ये तेथेच स्वतःचा भाता पेटवला आणि १८७३ मध्ये शेपर्टन या गावी मुक्काम हलवला. शेपर्टन तेव्हा नुकते वसत होते. नांगर, पेरणीची आणि कापणीची अवजारे यांना मागणी होती. जॉन मेथडिस्ट पंथाचा निष्ठावंत अनुयायी होता. आठवडाभर घण घालायचा आणि रविवारी प्रवचन करायचे, असा त्याचा शिरस्ता.

३/
गोलबर्न नदीच्या त्या खोऱ्यात नव्या शेतकऱ्यांना जमीन मिळाली, पण सर्वांनाच नदीकाठ मिळाला नाही. घरासाठी, जनावरांसाठी पाणी लांबून वाहून आणावे लागे. लाकडी पिंपे जड असत, गळत आणि वाटेत हिंदकळून अर्धी रिकामी होत. १८८० च्या सुमारास जॉनने यावर उपाय काढला. लोखंडी पत्रा वळवून केलेली आडवी नळकांडी टाकी, तिच्या दोन्ही तोंडांना ओतीव बिडाची गोल झाकणे, खाली दोन चाके आणि पुढे एक घोडा. टाकीत १८० गॅलन, म्हणजे सुमारे ८०० लिटर पाणी मावे.

४/
ही गाडी भलतीच यशस्वी झाली. तिच्या गोल झाकणांवर एक सोय आपोआप मिळाली होती : लिहायला जागा. बीड ओततानाच साच्यात अक्षरे कोरली, की ती झाकणाचाच भाग होऊन बसत. रंग उडतो, कागद फाटतो. ओतीव अक्षर मात्र टाकी असेपर्यंत टिकते. जॉनने तेथे कंपनीचे नाव, 'मेकर्स' हा शब्द आणि शेपर्टन हे गाव ठसठशीत अक्षरांत उमटवले. गाडी शेतातून, रस्त्यावरून, जत्रेतून जाई आणि तिच्यासोबत नावही फिरे.

५/
जाहिरातीच्या इतिहासात हा नमुना लक्षणीय आहे. १९ व्या शतकातील वृत्तपत्रे सर्व रोगांवर रामबाण ठरणाऱ्या औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. त्यांतील दावा पडताळण्याचा मार्ग वाचकाकडे नसे. फर्फीच्या झाकणावर दावा होता तो एवढाच : ही टाकी अमुक माणसाने अमुक गावी केली. दावा आणि वस्तू एकाच ओतकामातून निघत. टाकी गळली, तर नाव समोरच होते आणि पत्ताही. त्या काळातील सर्वांत सहज पडताळता येणाऱ्या जाहिरातींपैकी ही एक म्हणावी लागेल. पुढे जे घडले त्याचा विरोधाभास येथूनच सुरू होतो.

६/
जॉनमधील प्रवचनकार स्वस्थ बसणारा नव्हता. १८९० च्या दशकात नावगावासोबत झाकणावर एक छोटा यमकबद्ध उपदेश आला. चांगल्यावर समाधान मानू नका, चांगल्याचे अधिक चांगले आणि अधिक चांगल्याचे सर्वोत्तम होईपर्यंत थांबू नका, असा त्याचा आशय. पुढे जॉनचा मुलगा विल्यम याने पिटमनच्या लघुलिपीतही मजकूर घातला. पाणी ही देवाची देणगी आणि दारू ही सैतानाची करणी, असा त्याचा मथितार्थ. लघुलिपी न जाणणाऱ्यांना ती नुसती वेलबुट्टी वाटे. एव्हाना हे झाकण जाहिरात, सुविचार आणि गुप्तलेख असे तिन्ही झाले होते.

७/
या कुटुंबात आणखी एक फर्फी होता. जॉनचा धाकटा भाऊ जोसेफ, जन्म १८४३. तो बैलांच्या गाड्यांतून मालवाहतूक करी. १८८० च्या दशकातील दुष्काळात धंदा बुडाला आणि तो शेपर्टनला भावाच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसा ओतशाळेत राबायचे आणि रात्री लिहायचे, असे कित्येक वर्षे चालले. त्यातून 'सच इज लाइफ' ही कादंबरी उभी राहिली. ती १९०३ मध्ये सिडनीच्या 'बुलेटिन'ने प्रसिद्ध केली. आज ती ऑस्ट्रेलियन साहित्यातील अभिजात कृतींत गणली जाते. कादंबरीवर लेखकाचे नाव होते 'टॉम कॉलिन्स'.

८/
हे टोपणनाव सहज घेतलेले नव्हते. त्या काळच्या ऑस्ट्रेलियन बोलीत 'टॉम कॉलिन्स' हा एक काल्पनिक इसम होता. कोणतीही बिनबुडाची वार्ता त्याच्या नावावर खपवली जाई. कोणी सांगितले? टॉम कॉलिन्सने. तो कोठे भेटेल? आताच येथून गेला. अमेरिकेतही १८७४ मध्ये याच नावाची थट्टा गाजली होती. एखाद्याला गाठून सांगायचे, की टॉम कॉलिन्स नावाचा कोणी पलीकडच्या गुत्त्यात तुझी निंदा करतो आहे. तो संतापून धावत जाई आणि तेथे त्याला पुढच्या गुत्त्याकडे पिटाळले जाई.

९/
म्हणजे एका भावाने अफवेच्या जुन्या नावाखाली पुस्तक लिहिले आणि दुसऱ्याचे खरे आडनाव काही वर्षांनी अफवेचे नवे नाव झाले. हा निव्वळ योगायोग आहे. 'फर्फी' हा शब्द कादंबरीकारावरून आला असावा, असा तर्क मोहक खरा, पण पुरावा पाण्याच्या गाडीकडेच बोट दाखवतो. जोसेफ १९१२ मध्ये वारला. त्याच्या आडनावाचे पुढे काय झाले ते पाहायला तो उरला नाही. जॉन मात्र १९२० पर्यंत जगला. आपले नाव सैनिकांच्या तोंडी कोणत्या अर्थाने फिरते आहे, ते त्याच्या हयातीतच घडले.

१०/
आता ऑगस्ट १९१४. ब्रिटनने ४ ऑगस्टला युद्ध पुकारले आणि ऑस्ट्रेलियाने २०,००० सैनिक देऊ केले. व्हिक्टोरियातील भरतीसाठी मेलबर्नच्या उत्तरेस ब्रॉडमेडोज येथे छावणी उभी राहिली. शेतमजूर, कारकून, दुकानदार, खाणकामगार असे हजारो तरुण उघड्या माळावर तंबूंत येऊन पडले. माळावर पाणी नव्हते, ते गाड्यांतून आणले जाई. त्या गाड्यांच्या दोन्ही तोंडांवर मोठ्या अक्षरांत एकच नाव होते : फर्फी.

११/
छावणीत माणसांचे फिरणे शिस्तीने बांधलेले असते. या तुकडीने येथे राहायचे, त्या तुकडीने तेथे. पाण्याची गाडी मात्र सगळीकडे जाते. गाडीवान सकाळी एका तुकडीत असतो, दुपारी दुसऱ्या तुकडीत आणि मधल्या वेळात कोठाराजवळ. सैनिक बाटली भरायला जमतात आणि रांग लागते. तेवढी पाच मिनिटे कोणी अधिकारी हटकत नाही. गावच्या पाणवठ्यावर जे घडते तेच येथे घडले. फरक इतकाच, की हा पाणवठा चाकांवर होता आणि एकीकडची गोष्ट दुसरीकडे पोहोचवत होता.

१२/
बोलण्याचा विषय बहुधा एकच असे : निघायचे केव्हा आणि जायचे कोठे? हे प्रश्न जिवाचे होते आणि अधिकृत उत्तर मिळणार नव्हते. जहाजांच्या हालचाली गुप्त ठेवणे भागच होते. पहिला ताफा १ नोव्हेंबर १९१४ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील अल्बनी बंदरातून निघाला तेव्हा इंग्लंडला जायचे ठरलेले होते. इंग्लंडमधील छावण्या तयार नसल्याने वाटेतच बेत बदलला आणि सैनिक डिसेंबरात इजिप्तमध्ये उतरले. जी अधिकृत माहिती होती तीदेखील बदलली. अशा वेळी पाण्याच्या गाडीपाशी ऐकलेले तर्क खुळे ठरवायचे कोणी?

१३/
या परिस्थितीत शब्द जन्मला. कोणी नवी बातमी आणली, की दुसरा विचारी, हे फर्फीपाशी ऐकलेस ना? लवकरच बातमीलाच फर्फी म्हणू लागले. शब्दाच्या जन्माची दुसरीही एक हकिगत सांगतात. तिच्यानुसार फर्फी हे नाव छावणीतील मैला आणि कचरा वाहणाऱ्या गाड्यांवर होते. अफवेच्या शब्दालाही उगमाच्या दोन वदंता असाव्यात, हे साजेसेच. दोन्हींतील समान भाग महत्त्वाचा आहे. गाडी, गाडीवान, भोवती जमलेली माणसे आणि समोर ठळक अक्षरांतील नाव. १९१५ पर्यंत हा शब्द लेखनातही येऊ लागला होता.

१४/
इतरत्रही असेच घडलेले दिसते. अमेरिकन नौदलात अफवेला 'स्कटलबट' म्हणतात. जहाजाच्या डेकवरील, भोक पाडलेल्या पाण्याच्या पिंपाचे ते नाव. ब्रिटिश सैनिक 'लॅट्रिन रूमर' म्हणत, म्हणजे शौचकूपातली बातमी. या सर्व शब्दांत बातमी खोटी असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. म्हटले आहे ते इतकेच, की ती अमुक जागी ऐकली. हा उगमाचा शिक्का आहे. इतिहासाचा विद्यार्थी तळटीप देतो, सैनिकाने तीच गोष्ट एका हास्यास्पद शब्दात उरकली.

१५/
या निरीक्षणाला भक्कम आधार मिळतो तो मार्क ब्लोक या फ्रेंच इतिहासकाराकडून. मध्ययुगाचा हा अभ्यासक पहिल्या महायुद्धात स्वतः खंदकात होता. १९२१ मध्ये त्याने युद्धातील खोट्या बातम्यांवर एक निबंध लिहिला. सेन्सॉरशिपमुळे छापील शब्दावरचा विश्वास उडाला आणि सैनिकांमध्ये मौखिक परंपरा पुन्हा सजीव झाली, असे त्याचे प्रतिपादन. आघाडीमागची स्वयंपाकघरे हे तिचे केंद्र. निरनिराळ्या तुकड्यांतील माणसे जेवण न्यायला तेथे येत, बोलत आणि परत जाताना शिध्यासोबत वार्ताही नेत. फर्फीची गाडी आणि ब्लोकची चूल यांत तत्त्वतः फरक नाही.

१६/
ब्लोकचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. चुकीची बातमी पसरते ती ऐकणाऱ्यांच्या मनात तिची जागा आधीच तयार असते म्हणून. १९१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ब्रिटनभर वार्ता पसरली, की रशियन फौजा उत्तरेकडून उतरून रेल्वेने फ्रान्सकडे निघाल्या आहेत. त्यांच्या बुटांवर बर्फ असल्याचेही सांगितले गेले, आणि तेही ऐन उन्हाळ्यात! सरकारला १५ सप्टेंबरला खुलासा करावा लागला. मदत यावी ही इच्छा प्रबळ होती आणि माहिती तुटपुंजी होती. बर्फाचा तपशील त्या इच्छेने पुरवला.

१७/
पोकळी किती मोठी होती, याचे उदाहरण गॅलिपोलीचे. ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक २५ एप्रिल १९१५ रोजी किनाऱ्यावर उतरले. पंतप्रधान अँड्रू फिशर यांनी संसदेत त्याची माहिती दिली २९ एप्रिलला. उतरण्याचे पहिले सविस्तर वर्णन ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत आले ८ मे रोजी, ब्रिटिश पत्रकार एलिस ॲशमीड-बार्टलेट यांच्या लेखणीतून. तोवर जवळजवळ दोन आठवडे उलटले होते. घरी मुलाची वाट पाहणाऱ्या आईबापांनी ते दिवस कशाच्या आधारावर काढले असतील? शेजारी, स्टेशन, बाजार. जेथे अधिकृत बातमी उशिरा पोहोचते, तेथे ऐकीव बातमी आधी पोहोचलेली असते.

१८/
अधिकृत माहितीलाही सैनिकांनी सोडले नाही. वरून येणाऱ्या दिखाऊपणाला ब्रिटिश सैनिक 'आयवॉश' म्हणत. गुप्तवार्ता विभागाची छापील पत्रके येत, त्यांना त्यांनी 'कॉमिक कट्स' हे नाव ठेवले. ते मुळात १८९० मध्ये निघालेल्या एका विनोदी साप्ताहिकाचे नाव. फ्रेंच सैनिक वृत्तपत्री प्रचाराला 'डोक्यात भुसा भरणे' या धर्तीचा शब्दप्रयोग वापरत. पॅरिसमध्ये सप्टेंबर १९१५ मध्ये निघालेल्या व्यंगपत्राने तर आपल्या नावातच 'कानार' घेतले. कानार म्हणजे बदक, आणि बोलीत खोटी बातमी किंवा भिकार वर्तमानपत्र. चूल आणि मुख्यालय, दोघांच्याही बातम्या एकाच तराजूत पडत.

१९/
खऱ्या बातमीसाठी ऑस्ट्रेलियन बोलीत वेगळा शब्द होता : 'डिंकम ऑइल'. शब्दशः अस्सल तेल. गॅलिपोलीच्या अँझॅक किनाऱ्यावर १९१५ च्या जूनमध्ये याच नावाचे एक सैनिकी वार्तापत्र निघाले. आत अफवांची यथेच्छ टिंगल आणि वर नाव मात्र अस्सल बातमीचे. वाचणाऱ्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता. फर्फी एका टोकाला आणि डिंकम ऑइल दुसऱ्या. मधल्या जागेत प्रत्येक बातमी कोठे बसवायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. विश्वासार्हतेची अशी मोजपट्टी कोणत्याही युद्ध कार्यालयाने बनवली नव्हती. ती रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी बनवली.

२०/
गॅलिपोलीत पाण्याची टंचाई भीषण होती. पाणी जहाजांतून आणावे लागे आणि किनाऱ्यावरून डोंगरउतारांवरच्या खंदकांत चढवावे लागे. त्या कामात भारतीय लष्कराच्या खेचरगाड्यांच्या तुकड्यांचा मोठा वाटा होता. पाणी, दारूगोळा आणि शिधा त्या अँझॅकच्या उतारांवर गोळीबारात पोहोचवत. ब्रॉडमेडोजच्या माळावर पाण्याची रांग हा विसावा होता. येथे तो जीवघेणा व्यवहार झाला. शब्द मात्र सैनिकांबरोबर आला आणि टिकला, कारण उद्या काय होणार हा प्रश्न येथे अधिकच तीव्र होता.

२१/
फर्फी म्हणजे असत्य नव्हे, हे डिसेंबर १९१५ मध्ये दिसले. किनारा सोडून माघार घ्यायचा निर्णय झाला होता. तुर्कांना सुगावा लागू नये म्हणून तो आपल्या सैनिकांपासूनही लपवला गेला. हिवाळ्यासाठी फौज कमी करत आहोत, असे कारण पुढे केले. सैनिकांत कुजबुज सुरू झाली, की आपण येथून कायमचे निघतो आहोत. ही कुजबुज खरी होती आणि अधिकृत कारण खोटे. २० डिसेंबरच्या पहाटेपर्यंत अँझॅक आणि सुव्ला रिकामे झाले. त्या आठवड्यात जो फर्फीवर विसंबला, तो सत्याच्या अधिक जवळ होता.

२२/
म्हणून या शब्दाचे मूळ कार्य नीट समजून घ्यायला हवे. 'हे फर्फी आहे' असे म्हणणारा सैनिक बातमी फेकून देत नव्हता. तो ऐकत होता, पुढे सांगतही होता, पण चिठ्ठी लावून : ऐकीव माल, ज्याने त्याने पारखून घ्यावा. हसण्याचा उपयोगही त्यात होता. उद्या हल्ला आहे ही बातमी गंभीर चेहऱ्याने सांगितली, तर रात्रभर झोप नाही. तीच फर्फी म्हणून सांगितली, की कानावर घालून झाली आणि भीतीही आटोक्यात राहिली.

२३/
याच सुमारास अमेरिकेत जाहिरातीसाठी एक थट्टेचा शब्द जन्मला होता. त्याच्याशी तुलना उद्बोधक ठरते. १९०७ मध्ये विनोदी लेखक जेलेट बर्जेस याने पुस्तकविक्रेत्यांच्या वार्षिक भोजनासाठी आपल्या पुस्तकाचे खास वेष्टन केले. त्यावर तोंडाजवळ हात धरून ओरडणारी एक काल्पनिक तरुणी होती, मिस बेलिंडा ब्लर्ब. पुस्तकांच्या वेष्टनावरील अतिस्तुतीची ही टवाळी होती. १९१४ मध्ये, म्हणजे ब्रॉडमेडोजच्याच वर्षी, बर्जेसने स्वतः घडवलेल्या शब्दांचा कोशही काढला. आज प्रकाशक 'ब्लर्ब' हा शब्द अगदी गंभीरपणे वापरतात.

२४/
ब्लर्बचा जनक ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, हेतूही ठाऊक आहे. फर्फीला असा कोणी जनक नाही. तो शेकडो तोंडांनी घडवला. दोन्ही शब्दांत एक साम्य मात्र राहते. जाहिरात म्हणजे स्वतःविषयी मोठ्याने बोललेले वाक्य, आणि लोक त्या मोठ्या आवाजाचेच नाव करून टाकतात. बर्जेसने जाहिरातीच्या खोटेपणाची थट्टा केली. ब्रॉडमेडोजच्या पोरांनी एका खऱ्या जाहिरातीला भलत्याच गोष्टीचे नाव केले, तेही जॉन फर्फीविषयी मनात काही आकस नसताना. त्याचा गुन्हा इतकाच, की त्याचे नाव सर्वांना दिसत होते.

२५/
युद्ध संपल्यावर शब्द घरी आला. वॉल्टर डाउनिंग या परतलेल्या सैनिकाने १९१९ मध्ये 'डिगर डायलेक्ट्स' हा ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या बोलीचा छोटा कोश छापला. त्यात फर्फीला जागा मिळाली. युद्धातील शेकडो शब्द पुढच्या दशकांत विरून गेले. हा टिकला, कारण शांततेच्या काळातही ऐकीव बातम्यांची रांग संपत नाही. कार्यालयात, गुत्त्यात, शेअर बाजारात, फुटबॉलच्या मैदानावर तो रुळला. लहान अक्षराने लिहिला जाऊ लागला, आणि माणसाचे नाव सामान्यनाम झाले.

२६/
येथेच त्याचा अर्थ हळूच सरकला. आजच्या ऑस्ट्रेलियन राजकारणात 'फर्फी' हा शब्द वारंवार कानी पडतो, पण बहुधा उत्तर टाळण्यासाठी. विरोधकाने आक्षेप घेतला, की मंत्री म्हणतो, ही फर्फी आहे. पूर्वी हा शब्द ऐकणारा वापरत असे, स्वतःच्या सावधगिरीसाठी. आता बोलणारा वापरतो, दुसऱ्याची सावधगिरी मोडण्यासाठी. पूर्वी अर्थ होता 'हे तपासलेले नाही'. आता अर्थ झाला 'हे तपासायची गरज नाही'. दोन वाक्यांत फरक एका क्रियापदाचा दिसतो. प्रत्यक्षात शब्दाची मालकी बदलली आहे.

२७/
हे का घडले? गाडी विसरली गेली म्हणून. पारावरची बातमी म्हटले, की पार डोळ्यांपुढे येतो, तेथे बसणारी माणसे आठवतात आणि बातमीचे वजन आपोआप ठरते. 'फर्फी' म्हणताना १९१४ च्या सैनिकाला टाकी, रांग आणि गाडीवान दिसत. उगम दिसत असे, म्हणून तो शब्द उगमाची चिठ्ठी होता. उगम दिसेनासा झाला आणि उरली फक्त शिवी. बातमी कोठून आली हा प्रश्न ज्या शब्दाने विचारला, त्याच शब्दाने आता तो प्रश्न बंद करता येतो.

२८/
जाहिरातीचे वर्तुळही पूर्ण झाले. गेल्या दशकात जिलाँग येथील एका मद्यकंपनीने, फर्फी कुटुंबाच्या संमतीने, 'फर्फी' नावाची बिअर बाजारात आणली. तिच्या जाहिराती रचल्या गेल्या त्या थापांच्या परंपरेवर. ज्या टाकीवर लघुलिपीत दारू सैतानाची करणी ठरली होती, तिचेच नाव बाटलीवर आले. जाहिरातीतून अफवा आणि अफवेतून पुन्हा जाहिरात. नाव तेच राहिले. फक्त आता थाप हीच विक्रीची वस्तू आहे आणि ग्राहकालाही ते ठाऊक आहे.

२९/
जॉनच्या टाक्यांची बिडाची झाकणे आज संग्राहक जपून ठेवतात. शेपर्टनला त्यांचे संग्रहालय आहे. त्या झाकणांवर करणाऱ्याचे नाव आहे, गाव आहे, आणि ओतीव असल्यामुळे कोणालाही ते खोडता आलेले नाही. पाण्याच्या रांगेतल्या पोरांनी थट्टेत त्याच नावाचा उपयोग केला : बातमी आली, तर ती कोणत्या टाकीजवळची ते सांगा. मोबाइलवर येणाऱ्या बहुतेक बातम्यांना असे झाकण नसते. करणारा दिसत नाही, गाव दिसत नाही, 'आलेले पुढे पाठवले' एवढेच दिसते. त्या रांगेतल्या पोरांना निदान गाडीवानाचा चेहरा ठाऊक होता.